पंखाचं वळलेलं टोक

खिडकीबाहेर विमानाच्या पंखाचं टोक दिसत होतं, कामाला लागताना पदर खोचावा तसं वर वळलेलं. तेवढ्या वळणानं इंधन वाचतं. असली वळणं आखण्यातच माझी सगळी नोकरी गेली.

शेजारच्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्या होत्या. डिंकाच्या लाडवांचा डबा त्यांनी मांडीवरच धरला होता.

"अजून किती वेळ गं? याहून जोरात जाणारं विमान नाही का काढलं कुणी?"

"काढलं होतं की, मावशी. आवाजाच्याही पुढे पळायचं. पण इंधन इतकं प्यायचं, की तिकीट बड्या लोकांनाच परवडायचं. शेवटी बंद केलं."

कॉलेजात सगळ्यांना तसलंच विमान बनवायचं होतं. मी इंधन वाचवणार म्हटल्यावर सगळे मला हसले होते. हसू देत! त्या विमानात डिंकाच्या लाडवांचा डबा कधी चढला असेल, असं मला नाही वाटत.

मावशींनी डबा आणखी जवळ ओढला.

"मग हेच बरं, बाई. उशिरा का होईना, मी पोचते आहे ना!"

पंखाचं टोक उन्हात लखलखलं. मी उगाचच जरा ताठ बसले.