डाव्या हाताचा माऊस

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकायची की नाही, एवढं ठरवायला मला अख्खा उन्हाळा लागला. झाशीचा उन्हाळा लांब असतो हे खरं, पण काम कुणालाही अर्ध्या दिवसाचं वाटावं असंच होतं. मुलगी पुण्याहून फोनवर सांगत होती. सदर बाजारातला दुरुस्तीवाला सांगत होता. कॉम्प्युटरही रोज सुरू होताना कोपऱ्यात एक पाटी दाखवायचा, की ही सिस्टिम जुनी झाली, आता तिच्याकडे कुणी बघणार नाही. मी ती पाटी बंद करायची आणि पुढे जायची.

यजमान त्या वर्षी थंडी संपता संपता गेले. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंग ऑफिसात होते. निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. पाय काठीवर चालू लागला. बोलणं परत आलं, पण तुकड्यातुकड्यांनी. उजवा हात मात्र आला नाही. ज्या हाताने इतकी वर्षं नकाशे काढले, तो मांडीवर ठेवलेला असायचा, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

तेव्हा मुलगी रजा काढून आली होती. तिने कॉम्प्युटर बाबांच्या हातासारखा करून दिला. माऊस डावीकडे आणला. त्याची दोन बटणं आपसांत बदलली, म्हणजे डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली मुख्य बटण यावं. अक्षरं मोठी केली, पडद्यावरचा बाण हळू केला. एवढं करून ती परत गेली. बाकीचं आम्ही दोघांनी केलं.

बाकीचं म्हणजे मुख्यतः डबल क्लिक. काहीही उघडायचं तर बटण लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. त्यांचं बोट एकदा दाबायचं, मग दुसऱ्यांदा दाबायला इतका वेळ घ्यायचं की मशीनला वाटावं, हे एकाने दोनदा दाबलेलं नाही, दोन वेगळ्या माणसांनी एकेकदा दाबलंय. काहीच उघडायचं नाही. मग आम्हाला सेटिंगमध्ये एक पट्टी सापडली. तिच्या एका टोकाला ‘हळू’, दुसऱ्या टोकाला ‘जलद’. शेजारी एक लहानसं पिवळं फोल्डर असतं. पट्टी सरकवायची आणि त्या फोल्डरवर दोनदा दाबून बघायचं. वेळ साधली तर ते उघडतं, पुन्हा साधली की मिटतं.

ते फोल्डर हाच त्यांचा व्यायाम झाला. फिजिओथेरपीवाल्याने दिलेला रबरी चेंडू दाबायला ते कुरकुरायचे, पण फोल्डर उघडमीट करायला रोज दुपारी बसायचे. मी शेजारच्या स्टुलावर पुस्तक घेऊन. पट्टी पार ‘हळू’च्या टोकाला होती तिथून सुरुवात झाली. फोल्डर सलग उघडमीट होऊ लागलं की ते म्हणायचे, “बढाव.” मी पट्टी जरा पुढे सरकवायची.

“अहो, एवढी घाई कशाला?”

“मॅडम,” ते म्हणायचे. मी मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते, तेव्हापासून चिडवायचं झालं की ते मला मॅडम म्हणत. “ही काय... बैलगाडी... आहे?”

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या झाशीतलं. त्यांच्या मराठीत हिंदी कुठे सुरू होते ते त्यांनाही कळत नसे. मी सातारची. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांची वाक्यं सुधारत असे. लकव्यानंतर वाक्यच पुरं होईना, तेव्हा ‘बढाव’ ऐकूनही मला बरं वाटायला लागलं.

मीही कॉम्प्युटर शिकले तो त्यांच्या शेजारी बसूनच, त्याच माऊसवर, डाव्या हाताने. एकदा पुण्याला मुलीकडे गेले असताना तिच्या कॉम्प्युटरवर पेपर वाचायला बसले, तर प्रत्येक वेळी भलतंच बटण दाबलं जाई आणि भलतीच यादी उघडे. मुलगी हसून म्हणाली, “आई, तू पक्की बाबांची झालीस.” मला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट जरा मिरवण्यासारखंच वाटलं होतं.

पट्टी मधल्या जागेच्याही पुढे गेली होती. मग शेवटच्या हिवाळ्यात दुसरा झटका आला, लहानसा. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. पण त्या दुपारी फोल्डर उघडेना. त्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता हनुवटीने पडद्याकडे खूण केली. मी पट्टी मागे घेतली. तरी उघडेना. आणखी मागे घेतली. अशी ती पुन्हा पहिल्या टोकाला जाऊन पोचली. तिथे फोल्डर उघडलं. ते म्हणाले, “बस.” पट्टी त्यानंतर तिथेच राहिली.

ते गेल्यावर त्यांचे कपडे देऊन टाकले. काठी शेजारच्या आजींकडे गेली. चपला कुणी नेल्या ते मला कळलंही नाही. मी काही धरून ठेवलं नाही, लोक माझं कौतुक करत होते. पण कॉम्प्युटरसमोर बसून मी बटण दाबत असे, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या दाबण्याच्या मधे ते मशीन थांबत असे. माझं बोट कितीही चटकन चालो, ते सवड ठेवून असे. या घरात त्यांची वाट बघणारं माझ्याखेरीज तेवढंच उरलं होतं.

हे मी मुलीला फोनवर कसं सांगणार? मी म्हणायची, “चाललंय की. कशाला हात लावायचा?”

“आई, चाललेलं नाही. आपला व्हिडिओ कॉल बंद पडलाय. तो नव्या सिस्टिमशिवाय लागणार नाही.”

“माझा साधा फोन आहे ना.”

“फोनवर तू ‘ठीक आहे’ म्हणतेस. तू काय खातेस, किती वाळलीस, मला काय कळणार?”

ज्येष्ठात तिने परस्पर सदर बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो भर दुपारी स्कूटरवरून आला, डोक्याला गमछा गुंडाळून. माठातलं पाणी प्यायला, कॉम्प्युटर सुरू केला आणि म्हणाला, “आंटीजी, इसको तो म्यूज़ियम में दे दीजिए. टिकट लगेगा.” मग त्याने माऊस उचलून उजवीकडे ठेवला, दाबला, आणि थबकला. “अरे, ये तो उल्टा है.”

“उल्टा नहीं है,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच कठोर वाटला.

तो समजुतीने सांगू लागला. रॅम वाढवावी लागेल. जुनं सगळं आधी काढून ठेवेल, नवी सिस्टिम टाकेल, मग सगळं परत आत. “फ़ोटो, फ़ाइल, सब बच जाएगा. टेंशन मत लीजिए.”

“और माउस?”

“माउस अच्छा है, यही चलेगा.”

“उसकी सेटिंग?”

“सेटिंग का क्या है आंटीजी, सेटिंग तो एकदम फ्रेश आएगी.”

मी म्हटलं, आज राहू दे, विजेचा काही भरवसा नाही. त्याने डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गमछा गुंडाळला.

त्या संध्याकाळी मुलगी फोनवर चिडली. “तू त्यांना परत पाठवलंस? का पण?”

मग मी सांगितलं. बटणं, बाण, पट्टी. सांगताना मला शरम वाटत होती. आयुष्यभर मुलींना शिकवलं, की एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून खरी ठरत नाही, आणि इथे मी एका पट्टीसाठी अडून बसले होते. शेवटी म्हणाले, “बटणं तर तूच बदलून दिली होतीस.”

“मला आठवतच नव्हतं,” ती म्हणाली. मग एकदम बोलू लागली. “आई, बाबा गेले ते मी फोनवर ऐकलं. विमानाने दिल्ली, दिल्लीहून गाडी, तोवर तुम्ही सगळं उरकलं होतं. मी त्यांना पाहिलंच नाही. आणि आता तूही नुसती ऐकू येतेस.”

मी माझंच दुःख मोजत बसले होते. तिचंही वेगळं असणार, हे मला फक्त शब्दांत ठाऊक होतं.

तरीही दुरुस्तीवाल्याला बोलवायला आषाढ उजाडला. त्याने गेल्या खेपेचा उल्लेखही केला नाही. तो काम करत असताना मी आतल्या खोलीत जाऊन बसले. पुस्तक उघडं होतं, वाचलं काही नाही. त्याने हाक मारली तेव्हा पडदा स्वच्छ निळा होता, अक्षरं बारीक, आणि माऊस उजवीकडे.

“बेटी का फ़ोन आया था,” तो म्हणाला. “बोलीं, माउस की सेटिंग मम्मी से पूछकर करना.” आणि त्याने ती खिडकी उघडली.

सगळं तिथेच होतं. बटणं बदलायचा चौकोन, पट्टी, पिवळं फोल्डरसुद्धा. मी महिनोन् महिने जे सांभाळत होते, ते दोन मिनिटांत पुन्हा मांडता येत होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, मी आता ती पट्टी ‘हळू’ला नेली तर ती मीच नेलेली असेल. त्यांचं बोट तिथे कधी पोचलेलं नसेल.

“बटन बदलूँ?”

“हाँ. लेफ्ट हैंड.” त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. डावा हात आता माझाच झाला होता. मला दुसऱ्या हाताने येतच नाही. “और अक्षर बड़े.”

“और ये, डबल क्लिक? स्लो कर दूँ?”

पट्टी मधोमध होती, कारखान्यातून आलेली. मी माऊस डावीकडे घेतला आणि फोल्डरवर दोनदा दाबलं. माझं बोट पुरतं उचलायच्या आत ते उघडलं. पुन्हा दाबलं, मिटलं. मशीनला कुणासाठीच थांबायचं नव्हतं.

“रहने दीजिए,” मी म्हणाले. “ठीक है.”

तो गेल्यावर मी चहा केला आणि तसाच ठेवला. सात वाजता मुलीचा कॉल आला. मी बटण दाबलं आणि पडद्यावर ती दिसली. इतक्या महिन्यांनी. चेहरा उतरला होता, कपाळाशी केस पांढरे झाले होते. फोनवर हे काहीच कळलं नव्हतं. मग ती पडद्याजवळ आली, डोळे बारीक करून पाहू लागली.

“आई, तू अर्धीच दिसतेस.”

कॉल आला की खुर्चीत ते बसत, कॅमेऱ्यासमोर. मी बाजूला स्टुलावर, मधूनमधून डोकावण्यापुरती. आजही मी स्टुलावरच बसले होते. समोर खुर्ची रिकामी होती, आणि मुलीला तीच दिसत होती.

“मध्ये बस ना,” ती हळूच म्हणाली.

मी उठले आणि खुर्चीत बसले.