सांगितलं होतं फक्त पंख्याचं

माझ्या मामाला गल्लीतले लोक टकाटकमामा म्हणतात. दुरुस्तीला आलेला कॉम्प्युटर परत देताना तो मालकाच्या पुढ्यात ठेवतो, फडक्याने एकदा पुसतो आणि म्हणतो, "घ्या, टकाटक करून दिलाय." बावीस वर्षं हेच वाक्य आणि हेच फडकं. फडकं मध्ये दोनदा बदललं असं मामी म्हणते. मला शंका आहे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे माझं झेरॉक्सचं मशीन, मागे मामाचं टेबल. मधे कपाट आहे म्हणून आमचं दिवसभर पटतं. टेबलावर पोट उघडून पडलेले कॉम्प्युटर, एका डबीत स्क्रू, दुसऱ्या डबीत कुठून निघाले ते मामालाही ठाऊक नसलेले स्क्रू, डोळ्यांत घालायचे थेंब आणि खुर्चीवर कंबरेसाठी मामीने शिवलेली उशी. उशीतला कापूस आता एका कोपऱ्यात जाऊन बसलाय. मामाचंही तसंच आहे. पन्नाशी गाठायच्या आधीच तो टेबलाच्या एका बाजूला कलून बसायला लागला आणि तसाच राहिला.

मामाला एक खोड आहे. परीट जसा इस्त्री केल्याशिवाय कपडा परत देत नाही, तसा मामा अपडेट मारल्याशिवाय कॉम्प्युटर परत देत नाही. तुम्ही बटण अडकतंय म्हणून आणा, आवाज येत नाही म्हणून आणा, तो ते काम करतो आणि वर न विचारता अपडेट मारून देतो. त्याचं वेगळं काही घेत नाही. "दुकानातून शिळा माल बाहेर जायचा नाही," असं त्याचं म्हणणं. कॉम्प्युटर दुसऱ्याचा आहे, हे त्याच्या लक्षात येत नसे.

गेल्या महिन्यात एका सोमवारी पहिलं गिऱ्हाईक परत आलं. "मामा, चालू होतो, पण म्हणतो आत काहीच नाही."

मंगळवारी दोघे आले, बुधवारी तिघे. मामा प्रत्येकाला "ठेवा, बघतो" म्हणत गेला, आणि प्रत्येक वेळी त्याचं "बघतो" थोडं हळू येत गेलं. सगळ्यांचं दुखणं एकच होतं. कॉम्प्युटरच्या पोटात एक पातळ पट्टी असते, तुमचं सगळं तिच्यावर साठलेलं असतं, तिला ड्राइव्ह म्हणतात. नवा अपडेट मारला, मग काही मोठं कॉपी करायला घेतलं, की ड्राइव्ह मधेच नाहीसा होत होता. बिघडला म्हणावं तर बिघडल्यासारखं काही सांगतही नव्हता. लग्नातून न जेवता निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखा नुसता गुपचूप गेलेला.

बुधवारी दुपारी मी मोबाइलवर बातमी वाचली. "मामा, सुटलास! अपडेटच खराब आहे. सगळीकडे बोंबाबोंब चाललीय. तुझा काही संबंध नाही."

मामाने मान मागे टाकून डोळ्यांत थेंब घातले आणि तसाच बसून राहिला. सहाही कॉम्प्युटरना अपडेट कोणी मारला होता, ते मला विचारावं लागलं नाही. चार जणांचे ड्राइव्ह बंद-चालू केल्यावर परत आले. बाकी दोघांकडे नशिबाने दुसरीकडे कॉपी होती. म्हणजे प्रकरण तसं निस्तरलं होतं.

गुरुवारी काका आले.

काका म्हणजे पाणीखात्यातले निवृत्त नकाशेवाले, सगळ्या गावाचेच काका. अडतीस वर्षं जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढले. त्यांचं निवृत्तीचं भाषण संपायच्या आत खात्यातले जुने कागद वाळवीने संपवले असं म्हणतात. तेव्हापासून रस्ता खणायचा झाला की खात्याचा फोन काकांना येतो. "काका, शाळेच्या कोपऱ्यावर व्हॉल्व्ह कुठे आहे?" काका जेवता जेवता सांगतात, "गेटपासून चार पावलं, डांबराखाली लोखंडी झाकण." निवृत्तीनंतर सहा वर्षं बसून त्यांनी अख्ख्या गावाचे पाइप आणि व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवर काढले होते. चाळीस नकाशे. पुढच्या महिन्यात खात्याची माणसं ते न्यायला येणार होती.

आणि आदल्याच आठवड्यात त्यांच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो म्हणून सून तो आमच्याकडे देऊन गेली होती. काका सोबत होते. माझ्यादेखत मामाला बजावून गेले होते, "फक्त पंखा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

आता सुनेने तोच कॉम्प्युटर पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. मामाने चालू केला. आत काही नव्हतं. त्याने बंद केला, पुन्हा चालू केला. तरी काही नाही.

"काका, कॉपी ठेवलीय ना कुठे?"

"ठेवलीय तर. वेडा आहे का मी?"

मामाचा चेहरा जरा उजळला. "कुठे?"

"ह्यातच. शेजारच्या फोल्डरमध्ये. नावसुद्धा 'सुरक्षित' असं दिलंय."

मामाने हळूच खुर्ची मागे घेतली.

"झालं काय पण?" काकांनी विचारलं.

मी कपाटाआडून तोंड घातलं. "काका, तो अपडेट आला ना, त्याने सगळीकडेच..."

"तुला नाही विचारलं. तू झेरॉक्स काढ." काका मामाकडे वळले. "अपडेट काय आभाळातून पडतो? बटण कोणी दाबलं?"

मामाला बातमी माहीत होती. ती वाचून दाखवली असती तर कोणी त्याला बोल लावला नसता. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मी दाबलं."

"मी काय सांगून गेलो होतो?"

"फक्त पंखा."

"मग?"

"सवय, काका."

काकांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "साहेबाने एक पाइप सांगितला तर मी एकच काढला. शेजारी अजून एक बरा दिसेल म्हणून कधी काढला नाही."

जाताना सून मागे रेंगाळली. "बाबांना पुन्हा काढता यायचे नाहीत हो," ती मामाला म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, आता आठवणीतलं एकेक जात राहील. नावं जायला लागलीच आहेत. परवा मला माझ्या सासूबाईंच्या नावाने हाक मारली. म्हणून तर घाईने पुरं केलं होतं सगळं."

त्या दिवशी मामाने डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्ह दिसला. रात्रभर गार पडला म्हणून असेल. मामाने श्वास रोखून एक नकाशा बाहेर काढला, दुसरा काढला, तिसरा काढला आणि अकराव्या मिनिटाला ड्राइव्ह पुन्हा नाहीसा झाला. अर्धा तास बंद ठेवला, पुन्हा लावला. ह्या वेळी दहा मिनिटं टिकला. मामाने काकांना बोलावणं धाडलं.

"काका, हा किती दम धरेल सांगता येत नाही. कुठले आधी काढू ते तुम्हीच सांगा."

काका स्टुलावर बसले. हातात पेन्सिल, पुढ्यात यादी. "आधी दवाखाना. मग शाळा. मग खालची वस्ती, तिथे एक व्हॉल्व्ह फिरवला नाही तर दोनशे घरांत चिखल येतो."

"मोठ्या साहेबांचे बंगले?"

"त्यांना टँकर मिळतो."

तीन दिवस हे असं चाललं. लावायचं, दोन-तीन नकाशे ओढायचे, बंद करायचं, वाट बघायची. निघालेला प्रत्येक नकाशा मामा तीन ठिकाणी ठेवत होता. त्यातला एक पेन ड्राइव्ह मामीच्या चहाच्या डब्यात होता. मधल्या अर्ध्या तासांत दोघे एकमेकांशी बोलत नसत. एक डोळे मिटून बसे, दुसरा पेन्सिलीला टोक करत बसे. संपूर्ण तीन दिवसांत पेन्सिल निम्मी झाली.

मामी डबा घेऊन येई आणि दारातूनच सुरू होई. "अहो, जेवता की तुम्हीही गार पडल्याशिवाय चालू होत नाही? घरातला नळ आठ महिने गळतोय, त्याच्याकडे बघायला वेळ नाही, आणि इथे गावाचे पाइप वाचवायला बसलेत!"

"बघतो," मामा म्हणे.

"काका, ऐकलंत ना? आठ महिने 'बघतो'."

काका पहिल्यांदा हसले. "वहिनी, त्याला नळ सांगू नका. वॉशर बदलताना अख्खी मोरी फोडून नवी देईल."

तिसऱ्या दिवशी चार वाजता ड्राइव्ह गेला तो गेलाच. त्यानंतर मामाने रात्रीपर्यंत आशा धरली, पण काही दिसलं नाही. सव्वीस नकाशे हाती लागले होते. चौदा गेले. काकांनी यादीत शेवटी ठेवलेले सगळे त्यांच्या घराच्या आसपासचे होते.

"हे शेवटी का ठेवलेत?" मामाने विचारलं.

"हे मला पाठ आहेत." काकांनी यादीची घडी केली आणि मग, जरा थांबून, पुन्हा उलगडली. "निदान होते."

सोमवारी सकाळी साडेसहाला मामा मोजपट्टी घेऊन काकांच्या दारात उभा राहिला. दुकान उघडायच्या आधी रोज दोन तास, असं त्याने ठरवलं होतं. मला कागद-पाटी घेऊन लिहायला नेलं. काका काठी टेकत पुढे चालत, थांबत, डांबरावर काठी ठोकत. खालून पोकळ आवाज आला की मामा गुडघ्यांवर बसून मोजे. मी लिहून घेई. पाच दिवसांत नऊ नकाशे पुन्हा कागदावर आले. मामाच्या पॅन्टच्या गुडघ्यांवर डांबराचे दोन डाग पडले. ते फडक्याने निघाले नाहीत.

सहाव्या दिवशी काकांची स्वतःची गल्ली आली. काका सरळ विजेच्या खांबापाशी गेले. "खांबाच्या डावीकडे. एक हात." त्यांनी काठी ठोकली. आवाज भरीव आला. पुन्हा ठोकली, जरा पुढे, जरा मागे. सगळीकडे भरीव. काका उभ्या उभ्या छोटे व्हायला लागले.

"इथेच बसवला होता रे. मी स्वतः उभा होतो. चाळीस वर्षं ह्याच्यावरून रोज गेलोय."

मामा गुडघ्यांवर होता. त्याने मान वर केली नाही. "असेल, काका. आपण शोधू."

"गेलं," काका म्हणाले. "हेही गेलं."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून सून ओरडली, "बाबा, काय शोधताय खांबापाशी?"

"व्हॉल्व्ह!"

"अहो, तो खांब मागच्या वर्षी हलवला ना! रस्ता रुंद केला तेव्हा. आधी त्या पायऱ्यांसमोर होता!"

आम्ही तिघांनी पायऱ्यांकडे पाहिलं. काका गेले, डावीकडे एक हात मोजला आणि काठी ठोकली. पोकळ वाजलं.

काका परत फिरले आणि खांबावर काठीचा एक फटका मारला. "बरा उभा होतास की गाढवा! कोणी सांगितलं होतं तुला हलवायला?" मग मामाकडे बघून म्हणाले, "तुझ्यासारखाच कोणीतरी भेटलेला दिसतो ह्याला."

मामा हसला नाही. तो पायरीवर बसला, गुडघे चोळले, आणि मोजपट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. "लिही. खांबापासून नको लिहू. पायरीपासून लिही."

अजून चार राहिलेत. दुकानात आता परत जाणाऱ्या कॉम्प्युटरवर मामाच्या अक्षरातली चिठ्ठी असते: सांगितलं तेवढंच केलंय. टकाटक तो अजून म्हणतो, पण आधी गिऱ्हाइकाला विचारतो, "अजून काही करायचंय का?" बहुतेक जण नाही म्हणतात. मामीने पुन्हा सांगितलं तेव्हा मात्र त्याने घरचा नळ दुरुस्त केला. फक्त नळ.

"उद्या साडेसहाला?" दारात काकांनी विचारलं.

"उद्या," मामा म्हणाला आणि दुकान उघडायला निघाला.