मी धुतलेली माशांची टाकी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कोणी वाचलंच तर तेवढं पोटात घाला. तोंडानं सांगता येत नाही म्हणून लिहिते.

जालन्यात मी ज्या घरी धुणंभांडी करते, तिथं ताई आणि त्यांचे सासरे राहतात. ताई सकाळीच ऑफिसला जातात. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. बैठकीत आबांची माशांची मोठी काचेची पेटी आहे. तिच्या खालच्या कपाटात आणखी एक टाकी. वरचं घाण पाणी पाइपानं तिच्यात उतरतं, स्पंजातून आणि भोकाभोकाच्या दगडांतून गाळलं जातं, आणि मोटर ते परत वर चढवते. ही खालची टाकी आबाच साफ करायचे. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना खाली बसता येईना. तळाला बोट बुडेल एवढा काळा गाळ साचला. मोटर घरघरायला लागली.

आबा खुर्चीवर बसून म्हणाले, "नळीनं नुसता गाळ बादलीत ओढून घे. स्पंज ह्याच टाकीच्या पाण्यात पिळायचा. दगडाला हात लावू नको. जमंल ना?"

मी मान हलवली. ऐकलं बराबर, पण पटलं नाही. घाण वस्तू घाण पाण्यात धुवायची, हे कसलं धुणं? वाटलं, आबा पाणी वाचवून राह्यले. आमच्या गावात नळाचा भरवसा नाही, सगळेच वाचवतात. विचारायला पाहिजे होतं. पण मोठ्या माणसाला "असं काहून?" म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

आणि खरं सांगायचं तर मला घमेंड होती. मी चार माणसांत बोलत नाही, पण माझ्या हातचं भांडं आरशासारखं निघतं, हे सगळी गल्ली म्हणते.

त्या दिवशी नळ आला होता. आबा सलूनात दाढी करायला गेले आणि तिकडेच गप्पांत बसले. मी मोटर बंद केली, टाकी पूर्ण उपसली आणि घरचा हौद धुते तशी ब्लीचिंग पावडर टाकून घासली. स्पंज आपटून धुतला. दगड घासून गच्चीवर उन्हात वाळत घातले. वास जाईपर्यंत सगळं खळखळून धुतलं, दगड परत जागेवर ठेवले, नळाचं ताजं पाणी भरलं आणि मोटर चालू केली.

संध्याकाळी ताईंनी कपाट उघडलं. "अगं बाई! हे तर दुकानातून आणल्यासारखं झालं!"

आबांनी लांबूनच विचारलं, "दगडाला हात न्हाई ना लावला?"

मी नाही म्हणून मान हलवली. ताईंचं कौतुक अजून कानात होतं, ते मला घालवायचं नव्हतं.

मग पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मी फरशी पुसताना तिकडं बघत नव्हते. एकेक मासा आडवा पडायला लागला. आबांच्या बोटातून दाणा खाणारा मोठा मासाही गेला. त्याला जाळीत उचलताना आबा म्हणाले, "माझ्याच हातून दाणा जास्ती पडला असंल. म्हातारपणी अंदाज चुकतो."

तेव्हा मला राहवलं नाही. "आबा, मी दगड धुतले. पावडर टाकून. हौदासारखे."

आबांनी जाळी खाली ठेवली. मग म्हणाले, "विरजणाचं भांडं कोणी घासून ठेवतं का? त्या दगडात बारीक जीव असतात. माशांची घाण तेच खातात. ते मेले की मासे आपल्याच घाणीत मरतात." आणि थोड्या वेळानं, हळूच, "त्या दिवशी सांगितलं असतंस तर…"

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

हे काम मला नणंदेनं लावून दिलं होतं. ती त्याच बिल्डिंगमध्ये काम करते. जिन्यातच अडवलं तिनं. "काय वहिनी, माशांना उटणं लावून आंघोळ घातली म्हणे? माझं नाव तर सांगितलं न्हाई ना कुठं?" बाकीच्या बाया हसल्या. मीही हसले. घरी येऊन मोरीत तोंड धूत बसले.

पगार झाला तेव्हा मी त्यातले थोडे पैसे ताईंसमोर ठेवले. माशांचे म्हणून. ताई म्हणाल्या, "वेडी का तू? तुझे पैसे घेऊन काय करू मी?" त्या मायेनंच बोलल्या, पण मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

आबा आतून म्हणाले, "सूनबाई, न्हाई म्हणू नको. तिला उद्या ह्याच घरात यायचंय."

मग दर पगाराला मी पैसे आबांच्या हातावर ठेवायचे. ते हसायचे नाहीत, राहू दे म्हणायचे नाहीत. खिशात घालायचे आणि किती राहिले ते सांगायचे. दिवाळीला मी साडी घेतली नाही. नवीन मासे आले, तरी कित्येक दिवस मी त्या पेटीकडं मान वर करून पाहिलं नाही.

परवा शेवटचे पैसे दिले. आबांनी चष्मा लावून नोटा मोजल्या.

"बराबर," ते म्हणाले. "फिटले सगळे."