पाटीवर राहिलेलं नाव

लेकीकडे परदेशी गेले होते. ती भाड्याने राहते त्या घरात युद्धकाळात एक राजदूत राहत होता. जीव वाचवून पळालेल्या माणसांना त्याने तळघरात लपवलं होतं. नगरपालिका आता त्याच्या स्मरणार्थ दाराशी पाटी लावणार होती. घरमालकीण आजी मात्र कार्यक्रमाला यायला तयार नव्हत्या. त्यांची आई तेव्हा त्या घरात स्वयंपाकाला होती. लपलेल्यांना तिनेच जेवू घातलं होतं, आणि पाटीवर तिचा उल्लेखच नव्हता.

सोलापुरात मी पुष्कळ कार्यक्रम पार पाडलेत. पत्रिकेत कोणाचं नाव राहिलं की त्याचा सत्कार सगळ्यांत आधी करायचा, हा आमचा ठरलेला उपाय. मी बाजारातून नारळ आणला आणि लेकीसाठी नेलेली कोरी सोलापुरी चादर बाहेर काढली.

“आई, इथं असं कोणी करत नाही,” लेक म्हणाली.

“न का करेनात. आपण करतो की. तू फक्त माझं बोलणं त्यांच्या भाषेत सांग.”

आजींना कसंबसं दारापर्यंत आणलं. लोकांसमोर त्यांच्या खांद्यावर चादर घातली, हातात नारळ दिला आणि त्यांच्या आईने काय केलं ते सांगितलं. चादर डबलबेडची, आजी तिच्यात जवळजवळ बुडाल्याच. लोक हसले, मग टाळ्या वाजवू लागले. नगरपालिकेच्या बाईंनी पाटीवरच्या पडद्याची दोरी आजींना दिली. ती ओढण्याआधी आजींनी आईचं नाव मोठ्याने घेतलं.