मोजून पाच पास

मला राग येतच नाही असे घरात सगळे म्हणतात. येतो. मी तो बोलून दाखवत नाही एवढेच. यंदाच्या गावपळणीच्या आधी मात्र तो तोंडावाटे बाहेर पडला, आणि त्यावरून अजून मलाच ऐकवतात. म्हणून जे झाले ते झाले तसे लिहून ठेवते.

आमच्या गावात तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा हुकूम झाला की सगळा गाव घरे बंद करून वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस गावात चूल पेटत नाही. खाडीच्या पलीकडे झापांच्या, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, झोपड्या बांधून आम्ही राहतो. कधी निघायचे ते देव कौलाने सांगतो. गुरव देवाला पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तो कौल होईपर्यंत कोणी दिवस धरायचा नसतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

थोरल्या भावोजींनी धरला. हे माझे मोठे दीर. तेही मुंबईत, माझे यजमानही मुंबईत, एकाच खोलीत राहतात. मी सासूबाईंबरोबर गावी असते. मला तीन मुले. मुलगी साडेचार वर्षांची, मधला अडीच, धाकटा आठ महिन्यांचा. चतुर्थीला सगळे घरी आले होते तेव्हा भावोजींनी ओटीवर बसून सांगितले की मुंबईजवळ खाडीपलीकडे मोठी नवी बाग झाली आहे, तिच्यात फिरणारे घोडे, छोटी आगगाडी, पाण्यातल्या होड्या असे काय काय आहे, आणि त्यांच्या कंपनीत तिचे पास मिळणार आहेत.

"गावपळणीक घर बंदच आसतला," ते म्हणाले. "तेवाच पोरांका मुंबयक घेवन येवा. गेल्या टायमाक देवदिवाळी झाल्यावर पयल्या बेस्तरवारी निघाललो गाव. तोच दिवस धरूया."

सासूबाई म्हणाल्या, "कौल खंय झालो हा अजून?"

"आये, देव काय माझ्या पोरांच्या आड येवचो नाय."

सगळे हसले. मी आतून चहा आणत होते, मीही हसले. त्या हसण्याचा मला आता राग येतो.

बेत असा होता. त्या बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, मी घर बंद करायचे. सासूबाई, गाय आणि कोंबड्या वालावलला नणंदेकडे. शुक्रवारी मी तिन्ही मुलांना घेऊन एसटीने निघायचे, रविवारी बाग बघायची. लग्नाला सहा वर्षे झाली, मी मुंबई पाहिली नव्हती. पण खरे सांगायचे तर मुंबईचे मला एवढे नव्हते. माझी मुले पहिल्यांदा त्या घोड्यांवर बसतील तेव्हा त्यांची तोंडे मला बघायची होती. एवढेच मला हवे होते.

दोन महिने मी तयारी केली. कोणाला सांगितले नाही, उगाच थट्टा नको म्हणून. मधल्याला एसटी लागते. त्याला सवय व्हावी म्हणून मी काही ना काही कारण काढून त्याला दोनदा माझ्या माहेरी, सावंतवाडीकडे, घेऊन गेले. पहिल्या वेळी तो कुडाळात ओकला. दुसऱ्या वेळी आवळासुपारी चघळत कुडाळच्या पुढे पिंगुळीपर्यंत टिकला. म्हणजे सुधारणा होती. मुलगी हरवली तर काय, म्हणून तिच्याकडून बापाचे नाव आणि चाळीचा पत्ता पाठ करून घेतला. ती तो शुभंकरोतीसारखा हात जोडून म्हणायची. गर्दीत लांबून दिसावीत म्हणून तिघांना एकाच तांबड्या कापडाचे कपडे शिवले. नाचणीचे सत्त्व काढून वाळवून डब्यात भरले. धाकटा झोळीशिवाय झोपत नाही, तर बागेत दोन झाडे असतीलच, म्हणून एक जुने लुगडे घडी करून ठेवले. मुंबईच्या जाऊबाईंना पत्र लिहून विचारले, तिथे नळ आहे का, चालायचे किती असते, लहान पोराला मधेच लागली तर बसवायचे कुठे. त्यांचे उत्तर आले, "सगळी सोय असते. मोठ्या पाळण्यांत लहान मुलांना घेत नाहीत, पण छोटे घोडे आहेत. तू कशाची काळजी करू नकोस." बरे वाटले. वाटायला नको होते.

देवदिवाळीला कौल झाला. देवाने त्या गुरुवारला डावी दिली. मग शुक्रवार, शनिवार असे विचारत गेले, आणि उजवी पडली ती पुढच्या मंगळवारी. म्हणजे गाव मंगळवारी दुपारी निघणार, आणि पास तर त्याआधीच्या रविवारचे. भावोजींनी ते घेऊनही ठेवले होते, आणि ते बदलून मिळत नाहीत म्हणे.

सासूबाईंनी देवळातून येतानाच ठरवून टाकले.

"आता तुझा जाना होवचा नाय गो. रविवार-सोमवारी झोपडी कोण बांदतला? भात कोण भरतला? गाय कोण न्हेतला? पोरांका जांवदे बापाशीबरोबर."

 मला वाटले, माझे यजमान काहीतरी वाट काढतील. सोमवारच्या गाडीत बसले तरी मंगळवारी सकाळी मी गावात आले असते. आणि झोपडीचे काय, शेजाऱ्यांनी मदत केली असती. मी तसे ह्यांना पत्रात लिहिले. ह्यांचे उत्तर चार ओळींत आले. "मी शुक्रवारी येतो. शनिवारी दोघा मोठ्यांना घेऊन जातो. धाकटा अंगावर पितो, तो तुझ्याकडे राहू दे. आईला त्रास देऊ नकोस."

मी कोणाला त्रास दिला होता? अडीच वर्षांच्या पोराला रात्रभर गाडीतून न्यायचे, बोटीत बसवायचे, उन्हात फिरवायचे, ते ह्या माणसाने, ज्याने आजवर त्याची चड्डी बदललेली नाही. वर्षातून दोनदा येणाऱ्या बापाकडे मधला पहिले दोन दिवस जातसुद्धा नाही, माझ्या मागे लपतो. तरी मी गिळले. देवाचे काम आहे असे मनाला समजावले आणि दोघांची पिशवी भरली. कुठल्या कप्प्यात काय ते मुलीला दाखवले. साडेचार वर्षांच्या मुलीला मी सांगत होते की भावाला दर दोन तासांनी मुतायला बसव. बापाला सांगण्यात अर्थ नव्हता.

हे शुक्रवारी सकाळी आले. आंघोळ करून ओटीवर बसले आणि मुलीला पास दाखवले. गुलाबी, जाड कागदाचे, वर घोड्याचे चित्र. मुलीने ते ओटीवर पत्त्यांसारखे मांडले. वरचे इंग्रजी मला येत नाही. पण चौथी झाली आहे माझी, मोजता येते. पाच होते.

मी मनात माणसे लावली. भावोजी, जाऊबाई, त्यांची दोन मुले, हे. झाले पाच.

"पोरांचे खंय?" मी विचारले.

"बारक्यांका पास लागना नाय. उंची बघतत."

"आणि माझो?"

हे तांब्यातले पाणी प्यायले. "तुझो कित्याक? तू जावक नाय मा?"

"आदी येवची होतंय. पास घेतल्यात तेवा मी येवची होतंय."

तेव्हा सांगितले. अगदी सहज, काही वाटले नाही सांगताना. "अगो, धाकट्याक घेवन आत काय करतलंस? पोर रडता, घामेजता. वैनीन ठरवलेला, तू भायर बसतलंस म्हणान. सगळ्यांच्या पिशये पण तुझ्याकडे ठेवक झाले असते."

"भायर म्हणजे खंय?"

"गेटार. थय सावली आसा म्हणतत."

माझ्या हातात मधल्याची धुतलेली चड्डी होती. ती मी खाली टाकली. असे मी कधी केले नव्हते.

म्हणजे देवाने पहिल्या गुरुवारला उजवी दिली असती तरी मी गेटावर बसणार होते. दोन महिने मी झोळी कुठल्या झाडांना बांधू याचा विचार करत होते, आणि ह्यांनी, भावोजींनी, जाऊबाईंनी माझ्यासाठी सावलीची जागा आधीच धरून ठेवली होती. "तू कशाची काळजी करू नकोस" लिहिणाऱ्या जाऊबाईंना तेव्हा हे माहीत होते. आणि कोणाला वाटले नाही की हिला एकदा विचारावे. नुसते सांगावे तरी.

"पोरां जावची नाय," मी म्हणाले.

"काय?"

"माझी पोरां माझ्याशिवाय जावची नाय. आणि मी गेटार बसाक येवची नाय."

सासूबाई आतून आल्या. "काय झाला? देवाच्या कामाच्या दिसांत घरात भांडान नको गो. देवानच तुका थांबवल्यान, समजान घे."

"देवान माका रव म्हणान सांगल्यान नाय, आये. देवाक माझा कोणी इचारल्यानच नाय. तुमी सांगलास. आणि ह्येंनी तर कौल होवच्या आदीच माका भायर बसवचा ठरवलेला."

सासूबाईंसमोर मी एवढी वाक्ये एका दमात कधीच बोलले नव्हते. त्या खाटेवर बसल्या. हे म्हणाले, "हिका झाला काय? भायरसून कोणी काय भरवल्यान काय?" मला कोणी काही भरवले नव्हते. मला मोजता येते एवढाच माझा गुन्हा.

शनिवारची एसटी गेली. मुलगी आमच्या अंगणात आडवी पडून रडली, पाय आपटून, चाळीचा पत्ता ओरडून म्हणत. ते मला सगळ्यांत लागले. तिचा माझ्यावरचा राग खरा आहे, आणि तो अजून आहे. परवासुद्धा म्हणाली, "तुज्यामुळे माका घोडे बघूक गावले नाय." मी तिला काय सांगू? तिला अजून पाच म्हणजे किती ते नीट येत नाही.

भावोजींना ह्यांनी पोस्टातून फोन केला. तिकडून काय बोलले ते मला सांगितले नाही, पण हे परत आले ते तोंड पाडून. रजा होती म्हणून गावातच राहिले. मग रविवारी झोपडी त्यांनाच बांधावी लागली. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. जे सांगायचे ते मुलीच्या तोंडून.

"बापाशीक सांग, काथो कमी पडलो."

"बापाशीक सांग, झाप उलट्या बाजूक बांदलो."

"आवशीक सांग," हे वरून ओरडले, "तिणां येवन बांदूचो."

शेजारची माणसे हसत होती. मी हसले नाही.

मंगळवारी गाव निघाला. ह्यांनी एका हाताला गाय, दुसऱ्या हातात कोंबड्यांची डाल, आणि खांद्यावर मधला घेतला. तो आता त्यांच्याकडे जायला लागला होता. होडीत तो त्यांच्या सदऱ्यावर ओकला. एसटी लागते तशी त्याला होडीही लागते हे मलासुद्धा नवीन होते. ह्यांनी माझ्याकडे बघितले, मी खाडीकडे बघत होते.

खाडीपलीकडे मुलांनी तीन दिवस धुमाकूळ घातला, आणि येणारा-जाणारा मला सांगत होता, "बघ, पोरांका हीच खरी मजा. कित्याक व्हयी ती मुंबय?" त्या बोलण्याने मला आणखी राग यायचा. मुलांची मजा झाली म्हणून माझे काय मिटले? तीन दगडांच्या चुलीवर तिन्ही त्रिकाळ मीच होते.

चौथ्या दिवशी परतायचा कौल लावला तर देवाने डावी दिली. आणखी एक दिवस बाहेर. ह्यांची रजा मात्र संपली होती. झोपडीतूनच निघाले. मी धाकट्याला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत गेले, कारण सासूबाईंनी पाठवले.

"फुडच्या वेळेक सा पास घेतंय," हे म्हणाले.

"आदी माका इचारा."

"आणि तू नाय म्हटलंस तर?"

"तर घेव नकात."

एसटी आली आणि हे गेले.

त्यानंतर ह्यांची चार पत्रे आली. तीन नेहमीसारखी, आईला जप, मुलांना जप. चौथे गेल्या महिन्यात आले. त्यात शेवटी लिहिले आहे, "भाऊ मे महिन्यात परत बागेचे म्हणतो आहे. तुझे काय ते कळव. तू कळवल्याशिवाय मी त्याला हो म्हणणार नाही."

तीन आठवडे झाले. ते पत्र मी डब्यात ठेवले आहे. मला जायचे आहे, मुलीसाठी तरी जायचेच आहे. उत्तर देईन. पण अजून दिलेले नाही. थांबू देत थोडे. सगळ्यांनाच थोडे थांबू देत.