दादाचं गाणं मी बंद केलं

हसायचं असेल तर हसा, पण आधी चहा संपवा. माझ्याएवढा गाढवपणा तुमच्यापैकी कुणी केला असेल, तर मी घाटकोपर सोडून जातो!

गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीची. मी एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटरवर मेंदूचं मॉडेल बनवत होतो. आठ भाग, एकमेकांना जोडलेले. एक मेला की बाकीचे मिळून त्याचं काम कसं उचलतात, ते बघायचं. निष्कर्ष एकदम झकास! जिवंत भागांना दुसऱ्या कामाला जुंपलं नाही, तर ते मेलेल्याचं काम लवकर शिकतात.

आणि नेमका तेव्हाच माझ्या थोरल्या भावाला, दादाला, अर्धांगाचा झटका आला. साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ चालवणारा, चाळीतल्या भजनी मंडळाचा बुवा. उजवा हात लुळा, तोंडातून नुसतं "त... त..."

पण भजन लागलं की गडी गायचा! अख्खे शब्द, सुरासकट!

"वहिनी, गाणं बंद," मी म्हटलं.

"कित्याक ओ भावोजी? गाताना शब्द येतत ना त्यांका!"

"ते पाठांतर. मेंदूतला गाणारा भाग मोकळा ठेवा, तो बोलायला शिकेल."

रेडिओ माळ्यावर गेला. मंडळाला दारातून परत पाठवलं. भांडी घासताना वहिनी गुणगुणली तरी मी डोळे वटारायचो. दादा डाव्या हातानं खाट बडवायचा. ठेका धरायचा हो बिचारा! आणि मी वहीत काय लिहायचो? 'चिडचिड वाढली. सुधारणा?'

दोन महिने, राव!

एक दिवस दुपारीच घरी आलो. जिन्यात ऐकू आलं, दादा भजनाच्या चालीत गात होता: "च्याय दी गे, साखर घाल!" वहिनी त्याच चालीत उत्तर देत होती. मी कामावर गेलो की रोज चालायचं म्हणे. चौथी पास बाई! मी जी वाट बुजवत बसलो होतो, तिच्यावरूनच ती नवऱ्याला चोरून बोलतं करत होती.

मला बघताच दादा गप्प झाला. ज्यानं ओव्हरटाइम करून मला शिकवलं, तो मला घाबरत होता.

मी त्याचे पाय धरले. "दादा, माझ्याशी बोल रे. काहीही बोल!"

त्यानं वहिनीकडे बघितलं, मांडीवर ठेका धरला आणि खणखणीत आवाजात गायला:

"ह्येका आधी भायर काढ गे!"

पूर्ण वाक्य. व्याकरणात एक चूक नाही.