मेजरच्या शर्टाची बटणं

आमच्या भाऊजींच्या शर्टाचं बटण कधी तुटलेलं दिसलं नाही. जाऊबाई जाऊन अकरा वर्षं झाली. घरात बायका म्हणाल तर मी आणि भाऊजींची एकुलती लेक, आणि आम्ही दोघींनीही त्यांच्या शर्टाला कधी सुई लावलेली नाही. मग बटणं लावतं कोण?

मी जन्मभर मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवले. टाका बघून हात ओळखते. हे बटण खालून दोऱ्याचे पाच वेढे देऊन उचललेलं, ओढलं तरी हलायचं नाही. असं काम घरात बसून कुणी करत नाही. मला वाटलं, कुठेतरी कुणीतरी आहे. चार महिने पाळत ठेवली. भाऊजी लाकडाच्या वखारीत फळ्या मोजायला. सकाळी वखार, संध्याकाळी घर. बाईचा मागमूस नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी या घरात येण्याआधी, तरुणपणी नऊ वर्षं सैन्यात होते म्हणे. हे 'म्हणे' माझं. गल्ली त्यांना सरळ 'मेजर' म्हणते आणि तेही नको म्हणत नाहीत. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पायरीवर बसून युद्धाच्या गोष्टी सांगतात. "आमचे मोठे साहेब उंच, पण डावा खांदा अर्धा इंच उतरलेला. दुसरे साहेब छातीत बेचाळीस आणि पोटातही बेचाळीस!" सगळे माना डोलावतात. गोष्टीत साहेब येतात, थंडी येते, शत्रू मात्र काही केल्या येत नाही.

मी एकदा विचारलं, "भाऊजी, शत्रू छातीत किती होता?"

"वहिनी, तुम्हाला लढाईतलं काय कळतंय?" म्हणाले आणि उठून गेले.

हा संशय मी पदरात बांधून ठेवला होता. पण यंदा पोरीला नर्सिंगच्या कॉलेजात जायचं होतं आणि साध्या यादीत ती दोन मार्कांनी राहिली. सरकारी कायद्यानं तिथे एक जागा माजी सैनिकाच्या मुलासाठी राखलेली. बापाचं सैन्यातून सुटल्याचं पुस्तक दाखवायचं, शिक्का घ्यायचा, फॉर्म द्यायचा. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.

"ते पुस्तक पुरात गेलं," भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले.

"पुरात? आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाणी जिना चढून आलं होतं का?"

"मग वाळवीनं खाल्लं असेल."

"ती वाळवी पुरातून पोहत आली वाटतं."

पोर हसली नाही. अर्धं ताट उचलून मोरीत ठेवून आली. तेव्हा मला वाटलं, आता पुरे. एक तर हा माणूस सैन्यात गेलाच नाही, नाही तर काहीतरी करून हाकलला गेला.

त्यांच्या स्टीलच्या मगावर एक नंबर कोरलेला आहे. तो मग मी पस्तीस वर्षं घासतेय. पोरीनं नंबर तळहातावर लिहून घेतला आणि गुरुवारी आम्ही दोघी गुपचूप माजी सैनिकांच्या ऑफिसात गेलो.

खिडकीतला कारकून माझ्याहून संशयी निघाला. "आजी, रोज चार खोटे येतात. पण मगावरच्या नंबरावर सवलत मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तरी त्यानं रजिस्टर काढलं. बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं. "आहे. नऊ वर्षं. शेरा उत्तम. काम, शिंपी."

मी बाकावर बसले. पाच वेढे! बेचाळीस छाती! मला हसू आवरेना. पोरीचा चेहरा मात्र उतरला. "काकू, म्हणजे बाबा सैनिक नव्हतेच?"

माझंही हसू पळालं. कारकुनाला विचारलं, "शिंप्याच्या पोरीला चालते का ही जागा?"

"फॉर्मात 'गोळी झाडली का' असा रकाना नाही, आजी. भरती झाला, नीट सुटला, झालं. पण त्यांनी स्वतः यायला हवं. पुस्तक घेऊन."

संध्याकाळी मी भाऊजींसमोर मग ठेवला. "शिंपीकाका, पुस्तक काढा."

त्यांनी मगावरच्या नंबरावरून बोट फिरवलं. मग ट्रंकेच्या तळातून खाकी कापडात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. कापडाच्या कडासुद्धा दुमडून शिवलेल्या.

"वहिनी, ही जागा लढणाऱ्यांच्या पोरांची. मी नऊ वर्षं बटणांची काजं केली. उद्या कुणी तक्रार केली, हा कसला सैनिक म्हणून, तर पोरीला अर्ध्यातून काढतील. त्यापेक्षा पुरात गेलेलं बरं."

"आणि गल्ली?"

"गल्लीपण आहेच म्हणा," ते हळूच म्हणाले.

शुक्रवारी त्या ऑफिसच्या रांगेत आमच्या मागे नेमका कोपऱ्यावरचा वाणी उभा. त्याचे वडील सैन्यात होते, त्यांचं काही काम घेऊन आलेला. मेजरना बघून खूश झाला. खिडकीशी आमचा नंबर लागला.

"सैन्यात काम काय होतं?" कारकुनानं विचारलं. त्याला ठाऊक होतं, पण तोंडून वदवून घ्यायचं होतं.

भाऊजींनी मागे पाहिलं. वाण्यानं कान टवकारले होते. शेजारी पोर फॉर्म छातीशी धरून उभी.

"शिंपी."

"मोठ्यानं बोला."

"शिंपी! अख्ख्या पलटणीचे कोट शिवलेत मी!"

शिक्का बसला. वाणी पुटपुटला, "मेजर, मग ते बेचाळीस..."

"छाती आणि पोट," मी म्हटलं.

भाऊजींनी पुस्तक परत घेतलं, पण खिडकी सोडेनात. "साहेब, तुमचा कोट उजव्या बगलेत ओढतोय. एक टाका उसवला की बसेल."

पोर शिक्क्यावर फुंकर घालत होती. मी म्हटलं, "फुंकतेस काय, आधी तारीख वाच. सरकारी माणूस आहे, कालचीही मारली असेल."

तिनं वाचली. आजचीच होती. मी पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि मगच आम्ही कॉलेजाकडे निघालो.